गाडी बघायला गेलो तर इंजिन आधीच गरम होतं, काळजी करावी का?

नवखा_सारथी

नमस्कार मंडळी. घरासाठी एक जुनी पेट्रोल गाडी बघतोय, आणि लगे हात धाकट्या भावासाठी मोटरसायकल.

गाडी नऊ वर्षांची, मॅन्युअल गिअर, मीटरवर ६२,००० किमी. सकाळी येतो म्हणून कळवलं होतं. पोचलो तर गाडी दारात चालूच. "म्हटलं तुम्हाला ताटकळायला नको." चालवून बघितली, मस्त पळते. आतून चकाचक, इंजिनसुद्धा धुऊन पुसून ठेवलेलं. एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. क्लच पेडलचं रबर एका कोपऱ्यात पार गुळगुळीत झालंय आणि ब्रेक, ॲक्सिलरेटरची रबरं मात्र कोरी करकरीत. सोबतचा मित्र म्हणतो, तू उगाच कीस पाडतोस, घेऊन टाक.

मोटरसायकल दीडशे सीसीची, सहा वर्षांची, एकहाती वापरलेली. पण गेलं वर्षभर जागची हललेली नाही.

दोन्हींत नेमकं काय बघू? मला यंत्रातलं फार कळत नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

गणित_कच्चं

ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा आणि तो नको म्हणाला तर माघारी या. मी तरी एवढंच करतो. विकणाऱ्यानेच सुचवलेला मेकॅनिक मात्र नको.

पाना_बारा_तेरा

पुन्हा जा. या वेळी फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही. गेल्या गेल्या बोनेट उघडायला लावा आणि इंजिनाजवळ हाताची पाठ न्या. ऊब लागली तर चहा पिऊन, गप्पा मारून परत या, पण त्या अवस्थेत ट्रायल घेऊ नका. माझं सगळं आयुष्य गॅरेजात गेलं, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवणारे भरपूर पाहिलेत. सगळेच लबाड नसतात. काहींना खरंच वाटतं की आपण सोय करतोय. आपल्याला कारणाशी देणंघेणं नाही, थंड इंजिन बघायला मिळालं पाहिजे.

का, ते सांगतो. रात्रभरात ऑइल निथळून खाली पॅनमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर ते वर पोचेपर्यंतचे पहिले काही सेकंद इंजिन जवळपास कोरडं फिरतं, आणि जे काही झिजलंय ते तेव्हाच बोलतं. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन; ती ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर एकवेळ चालेल, चालूच राहिली तर काम निघालं समजा. बॅटरी म्हातारी असेल तर सेल्फ रडत फिरतो. गरम गाडीत यातलं काहीच कळत नाही.

सेल्फ मारताना तुम्ही गाडीत बसू नका. मित्राला बसवा (तेवढाच त्याचा उपयोग) आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. थंडीत पांढरी वाफ निघते, पाण्याचे थेंबही पडतात, त्यात काही नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर हटत नसेल आणि त्याला गोडसर वास येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जळतंय, म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. चालू करताच निळसर धुराचा एकच भपका येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील (ऑइल आत झिरपू न देणारी रबरं) कडक झालेत. ॲक्सिलरेटर दाबाल तेव्हा तेव्हा निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि त्याची कारणं बऱ्याचदा किरकोळ असतात.

ऑइल भरायच्या झाकणाखाली साबणाच्या फेसासारखा मळकट पांढरा थर दिसला तर लगेच पळू नका. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफ साठूनही तो धरतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही तसंच दुधाळ आणि कूलंटवर तेलाचा तवंग असेल, तर मात्र नमस्कार करून निघा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडायचं. गरम असताना आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

धुतलेलं इंजिन: मला आवडत नाही. धुळीचा थर असला की तेल कुठून झिरपतंय ते त्यावर लगेच दिसतं. आता तीस-चाळीस मिनिटं दामटून चालवा, मग गाडीखाली एक पुठ्ठा सरकवा आणि थोड्या वेळाने काढून बघा.

आता पेडल. तुमचं डोकं बरोबर चाललंय. दोन रबरं नवी आणि तिसरं झिजलेलं, याचा अर्थ कुणीतरी ती मुद्दाम बदलली. मीटर मागे फिरवलाय का हे एका खुणेवर ठरत नाही, सगळ्यांचा मेळ बसतो का ते बघायचं. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का, स्टिअरिंग कुठे चकाकतंय, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का. ब्रेक डिस्कच्या काठावर बोट फिरवा (थंड असताना), उंच कड लागली तर बरीच झीज झालीय. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) अशी अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावा. रीडिंग मध्येच कुठे उतरलेलं दिसलं तर पुढे बोलायलाच नको.

आणखी एक. चावी नुसती ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर एकतर दिवा गेलाय, नाहीतर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर दोषाचे कोड बघाच, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघायला सांगा. कोड नाही आणि तपासण्या अपूर्ण, याचा अर्थ मेमरी हल्लीच पुसलीय. किंवा बॅटरी काढली असेल, म्हणून आधी विचारा.

गाडी ठोकलेली आहे का: बोनेट उघडा, मडगार्डच्या बोल्टांचे कोपरे बघा. पाना लागला की तिथला रंग उडतो. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात टॉर्च मारा. पत्र्याला सुरकुती किंवा हाताने ओढलेलं सीलंट दिसलं तर मागून दणका बसलाय. पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. लोक गालिचे धुतात, सीटा धुतात, पण गुंडाळीतला पट्टा कुणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ सापडते.

मागची_सीट

काका, एवढं सगळं बघायचं म्हटलं तर माणूस जन्मभर पायीच फिरेल. :)

गंमत सोडा, पण पेडलबद्दल माझं मत वेगळं आहे. काही जणांना क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवायची खोड असते. आमच्याच घरात एक महाभाग आहेत, नाव घेत नाही. रबर एकाच कोपऱ्यात झिजलंय म्हणजे पाय कायम तिथे टेकलेला. त्यामुळे मीटरवर शंका घ्यायच्या आधी क्लच बघा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली आणि सोडल्यावर थांबली तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) खराब. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच प्लेट सरकतेय.

आणि सारथीदादा, सगळ्या दोषांना एकाच मापाने मोजू नका. टायर गोटा झालेत, बॅटरी गेलीय, ब्रेक पॅड संपलेत, या गोष्टी भावात कापून घ्यायच्या. पाण्यात गेलेली, चासीला गंज धरलेली किंवा मीटर फिरवलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घ्यायची नाही.

पाना_बारा_तेरा

ताई, क्लचचा मुद्दा पटला, तसंही असू शकतं. पण मग बाकीची दोन नवी का? घाण झाली म्हणून ब्रेकचं रबर बदलणारा माणूस मला अजून भेटायचाय. असो. दोन्ही तपासा, काही बिघडत नाही.

टायमिंग बेल्टचं राहिलं. या इंजिनाला चेन आहे की रबरी बेल्ट, हे मॅन्युअलमध्ये बघा. बेल्ट असेल तर बदलल्याचं बिल मागा. तो किलोमीटरवर झिजतो तसा वर्षांवरही म्हातारा होतो, त्यामुळे "गाडी फिरलीच कुठे" हे उत्तर चालत नाही. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि अख्खं हेड कामातून जातं. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरूनच हिशोब करा.

चेनला_तेल

मोटरसायकलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

वर्षभर उभी होती हे ऐकून घाबरू नका, पण तुमच्यासमोर किका मारून चालू करायची घाई कुणाला करू देऊ नका. जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसतो. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असेल तर त्याच्या जेटची बारीक भोकं बुजतात, इंजेक्शन असेल तर इंजेक्टर आणि पंप त्रास देतात. आधी टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. गंज दिसला तर टाकीचं काम धरा. जुनं पेट्रोल काढून टाका, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. स्पार्क प्लग काढून भोकात ऑइलचे चार-पाच थेंब सोडा आणि प्लग न लावता हळूहळू किक मारून इंजिन फिरवा. मग ताजं पेट्रोल.

ठोकलेली आहे का, ते हँडलकडून कळतं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि जिथे ते अडतं ते स्टॉपर बघा. चेपलेले किंवा वेल्डिंग केलेले असतील तर गाडी जोरात आदळलीय. लिव्हरची टोकं आणि फुटरेस्ट घासलेले असले तर ती नुसती पडलीय, ते चालतं. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळूच इकडून तिकडे न्या. अगदी मध्यावर, सरळ दिशेला, खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडलच्या दांड्यातली बेअरिंग) गेला. मग चाकाला धरून मागेपुढे हलवा, कटकट वाजायला नको. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश झिजलेत का ते कळतं.

चेन: मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चकतीच्या) अगदी मागच्या बाजूला चेन पकडून ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर स्प्रॉकेटही. बदलायचं तर अख्खं किट बदला. जुन्या दातांवर नवी चेन घातली की तीही लवकर झिजते.

उभ्या गाडीत हमखास गेलेलं आणखी काही: पुढच्या शॉकअपचे ऑइल सील (दांडीवर बोट फिरवा, तेल लागतं का बघा), डिस्क ब्रेकचा अडकलेला पिस्टन (चाक हाताने फिरवा, लगेच थांबतं का), आणि बॅटरी. मीटर लावून बघा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी काही तास ठेवल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. टायरच्या खाचा शाबूत दिसल्या तरी बाजूला बारीक भेगा असतील तर पावसात त्यांच्यावर विसंबू नका.

नवखा_सारथी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून नेणार आहे. मेकॅनिकही मिळालाय. ताई, क्लचचं नक्की बघतो. शेवटचं एक: समजा गाडी पास झाली, तर घेतल्यावर सर्वांत आधी काय करून घेऊ? विकणारे म्हणाले गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय.

पाना_बारा_तेरा

बिल दाखवलं का? नाही ना. मग झालेलं नाही.

इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल, सगळं बदलून टाका आणि त्या दिवशीचं रीडिंग वहीत लिहा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त झालं तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) त्यात घुसळून फेस करतो आणि दाब पडतो. प्लग काढलेच तर टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी उत्तम, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळं असेल तर वर सांगितलेल्या रिंगा किंवा सील.

ब्रेक ऑइल लोक सर्वांत जास्त विसरतात. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पेडल आत जातं.

चेनला_तेल

भावाला सांगा, चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने पुसायची, पेट्रोलने नाही. ओ-रिंगवाली (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलने रिंगा खराब होतात. तेल फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने सोडायचं. ढील किती ठेवायची ते चिमट्यावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. ताणून घट्ट करू नका, बेअरिंग जातात.

नवखा_सारथी

मोटरसायकलच्या ब्रेकच्या टाकीवर डॉट ४ लिहिलंय. दुकानात डॉट ५ पण दिसलं. आकडा मोठा म्हणजे चांगलं ना?

पाना_बारा_तेरा

अजिबात नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. ५.१ वेगळं, ते ४ च्याच जातीचं आहे. झाकणावर ४ लिहिलंय ना, मग ४ च घ्या, आणि सीलबंद बाटलीच घ्या.