मदत हवी आहे: जीएमसी रिव्हॅलिडेशनचं डेफरल (यूके)

यूकेतल्या मराठी डॉक्टर मंडळींना जीएमसीच्या (डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद) रिव्हॅलिडेशनबद्दल, म्हणजे लायसन्स चालू ठेवण्यासाठीच्या नियमित तपासणीबद्दल, विचारायचं आहे.

दर 5 वर्षांनी रिस्पॉन्सिबल ऑफिसर (आरओ, म्हणजे संस्थेत हे काम बघणारा वरिष्ठ डॉक्टर) जीएमसीला तीनपैकी एक शिफारस करतो: रिव्हॅलिडेट, डेफर (पुढे ढकलणं) किंवा नॉन-एंगेजमेंट (डॉक्टर प्रक्रियेत सहभागी होत नाही). डेफरलमध्ये लायसन्स चालूच राहतं आणि जीएमसी त्याला तटस्थ निर्णय मानते, त्यामुळे त्याची धास्ती नाही. खरी अडचण फीडबॅकची आहे. रुग्ण आणि सहकारी, दोघांचाही फीडबॅक 5 वर्षांत एकदा तरी हवा, आणि त्यावर अप्रेझलमध्ये (कामाच्या वार्षिक आढाव्यात) चर्चाही झालेली हवी. नुसते फॉर्म गोळा करून भागत नाही. लोकमवाल्यांचं (तात्पुरत्या नेमणुकीवरच्या डॉक्टरांचं) इथंच अडतं: एका जागी दोन-तीन महिने, तोवर फॉर्म निम्मेच येतात, मग पुढचं हॉस्पिटल.

माझी सबमिशन डेट (आरओनं शिफारस पाठवायची तारीख) 10 आठवड्यांवर आहे. सहकाऱ्यांचा फीडबॅक पूर्ण, रुग्णांचा अर्धवट. सीपीडी (सततचं व्यावसायिक शिक्षण) आणि क्वालिटी इम्प्रूव्हमेंटचं काम झालेलं आहे.

तर, आधीच्या हॉस्पिटलमधले फॉर्म नव्या डेझिग्नेटेड बॉडीनं (डॉक्टरचं अप्रेझल आणि रिव्हॅलिडेशन सांभाळणाऱ्या संस्थेनं) ग्राह्य धरल्याचा कोणाला अनुभव आहे का? की सगळं पहिल्यापासून? आणि डेफरल स्वतःहून मागताना आरओला लेखी आराखडा, म्हणजे काय उरलंय आणि कधी होईल, दिलात का? किती महिने मागितलेत? कृपया लवकर कळवा, अप्रेझरची भेट पुढच्याच आठवड्यात आहे.