शिकागोचा लेकफ्रंट: नवी इमारत नको, चांगलीसुद्धा नको

सरोवरकाठ
मागच्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या मामेभावाला लेकफ्रंटवर, म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठी, फिरवत होते. तो सारखा विचारत होता, "इतक्या मोक्याच्या जागेवर बिल्डर कसा घुसला नाही?" उत्तर सांगता सांगता अंधार पडला, म्हणून इथेही मांडते.

१८३६ मध्ये कालव्यासाठी जमिनी विकताना कमिशनरांनी नकाशावर मिशिगन अव्हेन्यूच्या पूर्वेच्या पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं: ही सार्वजनिक जागा, कायम खुली, मोकळी, कुठल्याही इमारतीविना. पुढे सगळे ते विसरले. १८९० मध्ये टपालानं माल विकणारा व्यापारी आरन माँटगोमेरी वॉर्ड कोर्टात गेला, कारण त्याच्या कचेरीसमोरच्या त्या 'बागेत' कचऱ्याचे ढीग, तबेले आणि रेल्वेचे डबे होते. वीस वर्षं तो लढला. प्रकरण चार वेळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली, कारण त्याच पट्ट्यावरच्या ग्रँट पार्कमध्ये फील्ड म्युझियम व्हायचं होतं आणि हा माणूस आडवा आला होता. शेवटी म्युझियमला दक्षिणेकडे जावं लागलं. १९२१ मध्ये ते तिथे उघडलं आणि पार्क वाचलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: हीच शिस्त आजही हवी. 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासनं २०१४ मध्ये सरोवराकाठच्या सोल्जर फील्ड स्टेडियमजवळच्या पार्किंग लॉटवर म्युझियम बांधायचं ठरवलं, फ्रेंड्स ऑफ द पार्क्स ही संस्था कोर्टात गेली आणि २०१६ मध्ये तो बेत इथून बाहेर गेला. अनेकांना हळहळ वाटली. मला आनंद झाला.

नेपरविलकर
ताई, मनापासून असहमत. तिथे होतं काय, तर डांबर! तळ्याकाठी गाड्या उभ्या करायची जागा. ती वाचवली म्हणून टाळ्या वाजवायच्या? शहराला फुकट म्युझियम मिळत होतं, वर लुकास हिरवळ करून द्यायला तयार होता.

आणि ज्या फील्ड म्युझियमचं उदाहरण देता, ते तरी कुठे आहे? तळ्यात भराव घालून केलेल्या जमिनीवर. शेजारी शेड मत्स्यालय आणि अ‍ॅडलर तारांगण, दोन्ही १९३० ची. लेकफ्रंटवर इमारत नकोच असती तर शाळेच्या सहलीत माझ्या मुलीनं बेलुगा व्हेल बघितलाच नसता. काचेला नाक लावून ती वीस मिनिटं उभी होती, हे मी विसरणार नाही.

सरोवरकाठ
मुलीचं वाचून छान वाटलं. पण डांबर उखडून गवत लावता येतं. सरोवरकाठच्या मेग्ज फील्ड विमानतळाचं तेच झालं: ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. पद्धत मला मुळीच पटलेली नाही, पण आज तिथे गवत डोलतंय. म्युझियम उखडलेलं कुणी पाहिलंय? सरोवरकाठचं १९६० चं मॅकॉर्मिक प्लेस हे प्रदर्शन केंद्र आठवा. १९६७ मध्ये ते जळालं, म्हणजे जागा मोकळी करायची संधी आयती आली होती. चार वर्षांत तिथेच पुन्हा उभं केलं.

वाऱ्यावरची
नियमाचा एवढा अभिमान, मग ग्रँट पार्कमधल्याच मिलेनियम पार्कचं काय? तिथला वास्तुविशारद फ्रँक गेरीचा मंच उंचीच्या बंधनातून सुटावा म्हणून त्याला इमारत न म्हणता कलाकृती ठरवलं. खर्च १५ कोटी डॉलरवरून ४७.५ कोटींच्या आसपास गेला, २००० चं उद्घाटन २००४ वर गेलं. तरी आपण सगळे पाहुण्यांना आधी तिथेच नेतो! मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं तिथलं 'बीन' हे शिल्प म्हणजे १६८ पोलादी पत्रे, पण बोट फिरवून बघा, एकही सांधा हाताला लागत नाही. खाली आधी रेल्वेचं यार्ड होतं. नियमावर अडून बसले असते तर आजही रूळच बघत बसलो असतो.

आणि आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय? तेही त्याच पट्ट्यावर, शेजारच्या जागामालकांच्या पूर्वीच्या संमतीनं. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद तिथेच बोलले. त्या सर्वधर्म परिषदेला मुंबईचे ब्राह्मो समाजी बी. बी. नागरकरही होते. ती वास्तू नसती तर?

दक्षिणतीर
मी शहराच्या दक्षिणेला हाइड पार्कजवळ राहतो, तर माझंही ऐका. इथलं सरोवरकाठचं जॅक्सन पार्क ऑल्मस्टेड आणि वॉक्स या उद्यानरचनाकारांनी आखलेलं. त्यातली १९ एकरांहून अधिक जागा माजी अध्यक्ष ओबामांच्या संग्रहालयाला, ओबामा सेंटरला, ९९ वर्षांसाठी दिली, मोबदला दहा डॉलर. शेकडो झाडं गेली. मी ओबामांचा मतदार आहे, तरी झाडं तोडताना बघवलं नाही.

नेपरविलकर
दादा, त्याबरोबर पार्कमधल्या कॉर्नेल ड्राइव्ह या रस्त्याचा तुकडा बंद होऊन त्याची हिरवळ झाली, तेही सांगा. दक्षिण भागाकडे शहरानं इतकी वर्षं पाठ फिरवली होती. तिथल्या पोरांना घराजवळ असं काही मिळायला नको?

दक्षिणतीर
मिळायला हवंच. त्यासाठी पार्कच का? पश्चिमेला दोन मैलांवर वॉशिंग्टन पार्कच्या बाजूला रिकामे प्लॉट पडलेत, त्या वस्तीला त्याचा जास्त उपयोग झाला असता.

सरोवरकाठ
अगदी हेच. वाऱ्यावरची, तुमचा आर्ट इन्स्टिट्यूटचा मुद्दा मात्र मला छळतोय. ती वास्तू मलाही हवीच आहे, हे कबूल करते. पण एका अपवादाच्या बोटाला धरून पुढचे दहा येतात, वॉर्डला हीच भीती होती.

दक्षिणतीर, तुमच्याकडच्या प्रोमाँटरी पॉइंट या सरोवरात शिरलेल्या टोकावर अजून ते चुनखडीचे ठोकळे आहेत ना? तेही भरावावरच, पण वर इमारतींची गर्दी नाही. ऑगस्टमध्ये दुपारी तापलेल्या दगडावर बसलं की पाय थेट पाण्यात.

दक्षिणतीर
आहेत. आता तिथे काँक्रीट घालायचं की दगड ठेवायचा, यावर कित्येक वर्षं भांडण चाललंय. रविवारी या, दाखवतो.

नेपरविलकर
मीही येतो, मुलीला घेऊन. मत बदलणार नाही, हे आधीच सांगतो.