मदत हवी आहे: ग्लुकोज काढलं की ओ-ग्लकनॅकचा सिग्नल वाढतो, तो खरा कसा ठरवायचा?

नमस्कार. माझं पीएचडीचं काम हेपजी२ पेशींवर (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या) चालू आहे आणि प्रश्न ओजीटी या, प्रथिनांना ओ-ग्लकनॅक ही साखर जोडणाऱ्या एन्झाइमबद्दल आहे. कोणी ओ-ग्लकनॅकचे ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीनं ओळखायची चाचणी) स्वतः केले असतील तर कृपया वेळ काढून वाचा.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रथिनांना साखर जोडली जाते ती एन्डोप्लाझमिक रेटिक्युलम आणि गॉल्जीमध्ये, असं बी.एस्सी.ला शिकवतात. पण १९८४ मध्ये कारमेन-रोझा टोरेस आणि जेराल्ड हार्ट यांनी लिम्फोसाइट पेशींमध्ये सेरीन-थ्रिओनीनला जोडलेली एन-ॲसिटाइलग्लुकोसमाइनची एकेकटी साखर दाखवली, आणि त्यातली बरीचशी पेशीच्या आत होती. ही साखर, म्हणजेच ओ-ग्लकनॅक, सायटोप्लाझम आणि केंद्रकातल्या प्रथिनांवर ओजीटी चढवतं आणि ओजीए हे दुसरं एन्झाइम उतरवतं. फॉस्फेट जोडणारी शेकडो कायनेज एन्झाइम आहेत, इथे मात्र जोडणाऱ्याचा एक जनुक आणि काढणाऱ्याचा एक. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

आता अडचण. ओजीटीला लागणारा कच्चा माल, यूडीपी-ग्लकनॅक, ग्लुकोजपासूनच बनतो. म्हणजे ग्लुकोज नसलेल्या मीडियात सिग्नल उतरायला हवा. माझ्याकडे सीटीडी११०.६ या, ओ-ग्लकनॅक ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर तो ठळक वाढतो, आणि प्रत्येक वेळी वाढतो. हेपजी२ मध्ये ग्लुकोजच्या उपासमारीत ओजीटीच वाढतं, असं २००८ चं प्रकाशित काम आहे, म्हणून मी खुशीत होते. पण गाइड म्हणतात की हे ओजीटीचं काम आहे याचा पुरावा आण, नाहीतर हा भाग प्रबंधात घेऊ नकोस. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आमच्याकडे ईटीडी (साखर न तोडता प्रथिनाचे तुकडे करायची पद्धत) असलेलं मास स्पेक्ट्रोमीटर नाही, आणि बाहेर सॅम्पल पाठवायला पैसे मर्यादित आहेत. साध्या ब्लॉटवर पटेल असा पुरावा कसा उभा करायचा?

प्रतिसाद

तुमच्या गाइडची शंका रास्त आहे, आणि ती नेमकी याच अँटिबॉडीला लागू पडते. २०११ मध्ये असं दाखवलं गेलं की ग्लुकोज तोडल्यावर पेशींत एन-ग्लकनॅक२ असलेली प्रथिनं तयार होतात, म्हणजे ॲस्परॅजिनला जोडलेल्या फक्त दोन साखरा, आणि सीटीडी११०.६ त्यांनाही चिकटते. म्हणजे जो प्रयोग तुम्ही करताय, त्याच प्रयोगात ही अँटिबॉडी फसवते. ओजीटीचा त्या बँडशी संबंध नसेलही.

म्हणून सगळ्यात आधी पीएनजीएज-एफ, म्हणजे ॲस्परॅजिनवरच्या साखरा कापणारं एन्झाइम. लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) एसडीएस हा डिटर्जंट घालून उकळा, मग एनपी-४० हा सौम्य डिटर्जंट आणि एन्झाइम घाला (नुसत्या एसडीएसमध्ये ते एन्झाइम मरतं) आणि रात्रभर ठेवा. वाढलेला सिग्नल गेला तर तो ॲस्परॅजिनवरचा होता. टिकला तर पुढे जायला अर्थ आहे. त्याच सॅम्पलवर ओ-ग्लकनॅक ओळखणारी आरएल२ पण लावा. ती वेगळ्या प्रकारे तयार झालेली अँटिबॉडी आहे, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत का ते कळेल. सीटीडी११०.६ आयजीएम प्रकारची आहे, तेव्हा तिला पकडणारी सेकंडरी अँटिबॉडी त्यालाच जुळणारी आहे ना, हेही पाहून घ्या.

मग ओजीटीला थेट हात घाला: एसआयआरएनए (ओजीटी बनणंच कमी करणारा), किंवा ओएसएमआय-१ (ओजीटीला रोखणारं रसायन). ग्लुकोज नसतानाची वाढ यानं खाली आली पाहिजे. हा तुमच्या गाइडच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा प्रयोग आहे, बाकी सगळे पूरक.

धागालेखिका

खूप आभार, एन-ग्लकनॅक२ बद्दल मला माहीतच नव्हतं. दोन शंका. ओजीएला रोखणारं थायामेट-जी पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्येही घालायचं का? आणि एकाच प्रथिनावर किती साखरा आहेत हे मास स्पेकशिवाय कळेल का? एका साखरेनं वजन जेमतेम २०३ डाल्टन वाढतं, जेलवर बँड हलतच नाही.

प्रतिसाद

हो, बफरमध्येही घाला. पेशी फोडल्यावरही ओजीए साखर कापत राहतं, आणि ते तुमच्या दोन नमुन्यांत सारखंच कापेल याची खात्री नाही.

दुसऱ्यासाठी मास-टॅग करा. गॅलटी१ या साखर जोडणाऱ्या एन्झाइमचं वाय२८९एल हे बदललेलं रूप ग्लकनॅकवर ॲझाइड असलेली साखर चढवतं, तिला ५ किलोडाल्टनचा पेग (लांब पॉलिमर) जोडला की प्रत्येक साखरेमागे बँड एक पायरी वर सरकतो. मग तुमच्या प्रथिनाच्या अँटिबॉडीनं ब्लॉट करायचा आणि पायऱ्या मोजायच्या. फक्त त्याआधी पीएनजीएज-एफ विसरू नका. एन-ग्लायकनच्या टोकाला ग्लकनॅक उघडं असेल तर हे एन्झाइम तिथेही साखर चढवतं.

प्रथिन पेशीबाहेर जाणारं असेल तर आणखी एक सांभाळा: रेटिक्युलममध्ये ईओजीटी नावाचं वेगळं एन्झाइम आहे, ते प्रथिनांच्या ईजीएफ डोमेन या भागावर हीच साखर लावतं. तुमचं प्रथिन कुठलं आहे ते लिहिलंत तर यातलं काय गाळता येईल ते सांगता येईल.