माजी नवऱ्याच्या नेव्ही पेन्शनमधला वाटा: कर कुणी भरायचा?

घाटावरची: अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला राहते. माजी नवरा अमेरिकन नेव्हीतून निवृत्त. त्याच्या नोकरीतली आमच्या संसाराची वर्षं आठच, म्हणजे दहा-दहाच्या नियमात (नोकरीची दहा वर्षं आणि त्याच काळात संसाराचीही दहा) बसत नाही आणि डीफास (लष्करी पेन्शन वाटणारं सरकारी खातं) मला थेट पैसे देत नाही. डिक्रीप्रमाणे (घटस्फोटाच्या कोर्टाच्या आदेशाप्रमाणे) माझा वाटा महिना 900 डॉलर. तो 'टॅक्सचे' 20 टक्के कापून 720 पाठवतो. 1099-आर (वर्षभरात मिळालेल्या पेन्शनचा कर-कागद) पूर्ण रकमेचा, त्याच्या एकट्याच्या नावाने. मग मी रिटर्नमध्ये काही दाखवू कशाला? कर तो भरतोय, विषय संपला.

लिंबूटिंबू: बरोबर. 2018 नंतरच्या घटस्फोटात पोटगीवर घेणाऱ्याला कर नाहीच.

पै_पैसा: ही पोटगी कुठेय? ही पेन्शनची वाटणी. ताई, वाटा तुमचा तर करही तुमचाच. एका माजी पत्नीने हेच लढून पाहिलं होतं: घटस्फोटातली वाटणी अमेरिकन करकायद्याच्या कलम 1041 खाली करमुक्त, म्हणून माझा लष्करी पेन्शनचा हिस्साही करमुक्त. 2004 मध्ये फोर्थ सर्किटने (तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने) ऐकलं नाही. व्हर्जिनिया त्याच सर्किटमध्ये येतं.

घाटावरची: त्या बाईंना पैसे डीफासकडून येत होते. माझ्या नावाचा कागदच नाही!

पै_पैसा: कागद नाही म्हणून उत्पन्न नाही, असं आयआरएस (अमेरिकेचं करखातं) मानत नाही.

लिंबूटिंबू: वा! हातात 720, कर 900 वर. आणि त्याच 900 वर तोही भरतोय. मी असतो तर गप्प बसलो असतो.

सातारकर_सॅन_दिएगो: मी देणाऱ्यांतला, म्हणून बोलतो. (हो, आमच्यातही घटस्फोट होतात.) मी तिचा वाटा न कापता पाठवतो. माझ्या रिटर्नमध्ये 5ए ओळीवर पूर्ण पेन्शन, 5बी या करपात्र रकमेच्या ओळीवर तिचा वाटा वजा करून, आणि खुलाशाला डिक्री तयार. ती तिचं तिचं दाखवते. तिचा कर आधी कापला जात नाही, म्हणून दर तिमाहीला अंदाजे भरते. ताई, तुमचं भांडण आयआरएसशी नाहीच, माजी नवऱ्याशी आहे. डिक्रीत 'कर वजा जाता' असं लिहिलंय का?

घाटावरची: आत्ता काढून वाचली. नाही लिहिलेलं. नुसते 900. तीन वर्षं झाली, म्हणजे माझे 6,480 डॉलर त्याच्याकडे! उद्याच वकिलाला फोन करते.

पै_पैसा: करा. आणि त्याच तीन वर्षांची सुधारित रिटर्नंही भरा.

घाटावरची: तुम्ही ना...