सागुंतोचं रोमन थिएटर: जीर्णोद्धार की नवं बांधकाम?

भटकंती: वालेन्सियाहून लोकलने अर्ध्या तासात स्पेनमधल्या सागुंतोला गेले. गल्ल्या चढून दम लागतो तिथे, किल्ल्याच्या खाली, पहिल्या शतकातलं थिएटर आहे. हौसेनं आत शिरले तर गुळगुळीत संगमरवरी पायऱ्या आणि समोर उंचच उंच कोरी भिंत! ग्रासी आणि पोर्तासेली या आर्किटेक्टांनी १९९० ते ९३ मध्ये केलेलं काम. मॉलच्या जिन्यावर बसल्यासारखं वाटलं. कडेला लाद्या संपतात तिथे झिजलेला, खडबडीत दगड उघडा आहे, शेवटी तिथे जाऊन बसले. माझ्या मते हे पाडायलाच हवं होतं.

ओळंबा: अजिबात नाही. रोमन थिएटर म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत. रंगमंचामागची भिंत प्रेक्षागृहाच्या उंचीला भिडायची, आत बसलं की बाहेरचं गाव दिसत नसे. ग्रीकांचं थिएटर मोकळं, पाठीमागे डोंगर नाहीतर समुद्र. भिंत काढलीत तर उरतो फक्त उतार. आणि ज्या ‘अस्सल’ अवशेषांसाठी हळहळताय, त्यातही विसाव्या शतकातली डागडुजी भरपूर होती.

पुढची तारीख: पण कायद्याचं काय? स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार पुनर्बांधणी टाळायची, मूळचे तुकडे असतील तरच जोडायचे. २००० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हे काम बेकायदा ठरवलं. लाद्या काढायचा आदेशही निघाला. मग २००९ मध्ये ठरलं की आता हे काढणं शक्यच नाही. बेकायदा, पण कायम. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीसारखं.

भटकंती: 😀 भिंतीचं एकवेळ पटलं, ओळंबा. पण दगडावर लादी कशाला?

ओळंबा: उन्हाळ्यात तिथे नाट्यमहोत्सव भरतो. रोज रात्री शेकडो माणसं जुन्या दगडावर चढउतार करणार, दगड टिकेल का? लादी म्हणजे वर घातलेली चादर समजा.

भटकंती: चादर काढता येते हो. ही कोर्टानं सांगूनही निघाली नाही.

ओळंबा: मान्य, तिथे चूक झाली. पण रात्रीचा प्रयोग बघितलात का?

भटकंती: नाही. शेवटची लोकल चुकली असती.