क्लासिक ३५० ला फ्री फ्लो टाकल्यापासून फटाके आणि अडखळणं, मेन जेट बदलू का?

विक्रोळीकर_३५०:
नमस्कार मंडळी. माझी क्लासिक ३५०, २०१४ ची, कार्बोरेटरवाली. गेल्या महिन्यात कंपनीचा सायलेन्सर काढून फ्री फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारी शॉर्ट बॉटल (आखूड सायलेन्सर) टाकली, इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा बेंड पाइप जुनाच आहे आणि एअर फिल्टर पण कंपनीचाच. तेव्हापासून हायवेवर थ्रॉटल सोडला की मागून फट फट फटाके फुटतात, सिग्नलला आलो की आरपीएम खाली यायला वेळ लागतो आणि मग कधीकधी एकदम बंदच पडते, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच थ्रॉटल दिला की क्षणभर अडखळते आणि मग ओढते. पूर्ण पिळली की मात्र झकास पळते, तिथे काहीच तक्रार नाही. दोन्ही प्लग काढून बघितले तर पांढरट दिसतात. मेकॅनिक म्हणतो मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) मोठा टाकू, नाही मिळाला तर आहे त्यालाच बारीक ड्रिल मारून देतो. कुठला नंबर टाकू? कार्बोरेटरमधली नीडल (सुई) पण उचलावी लागेल का? पावसाळ्यानंतर महाबळेश्वरला जायचंय म्हणून आधीच नीट करून घ्यायचंय.

स्पॅनर_लालबाग:
भावा पहिली गोष्ट, ड्रिल अजिबात मारू देऊ नकोस. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबात असतं, आतली कड जराशी वेडीवाकडी घासली गेली की त्यातून पेट्रोल किती जाणार ह्याचा काही नेम नाही, आणि पुढे कधी ट्युनिंग करायचं म्हटलं तर त्या जेटवरच्या नंबरला काही अर्थच उरत नाही.

आणि तूच लिहिलंयस की पूर्ण पिळल्यावर झकास पळते. मग मेन जेट कशाला बदलायचा? मेन जेटचं खरं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे. आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला स्लो जेट म्हणतात तो, आणि मधल्या पट्ट्यात नीडल. हे एकमेकांत थोडे मिसळतात पण तुझी सगळी लक्षणं खालच्या पट्ट्यातली आहेत. खात्री करायची असेल तर ग्रिपवर कागदी टेप लाव, स्विचच्या डब्यावर एक रेघ मार आणि टेपवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा कर. मग गाडी नक्की कुठल्या खुणेवर अडखळते ते बघ. आपल्याला वाटतं अर्धा दिला, टेप सांगते पाव पण दिलेला नव्हता.

पण जेटला हात लावायच्या आधी लीकेज बघ. जुन्या बेंड पाइपवर दुसऱ्या मापाची बॉटल चढवली की सांध्यात फट राहते, क्लॅम्प कितीही आवळला तरी. थ्रॉटल बंद केला की पाइपमध्ये दाब कमीजास्त होतो, त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिच्याबरोबर गरम पाइपमध्येच पेटतं, तोच तुझा फटाका. गाडी सकाळी थंड असताना चालू कर, जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाब आणि सांध्याजवळ कान दे, फुसफुस आली की समज. हेडजवळचं पॅकिंग पण बघ, सायलेन्सर काढताना बेंड हलवला असेल तर ते गेलेलं असू शकतं. ह्यातलं काही असेल तर कार्बोरेटरमध्ये कितीही पेट्रोल वाढव, फटाका फक्त दबेल आणि मायलेज जाईल.

दुसरं म्हणजे आरपीएम लटकून राहतंय, त्याने मला इनटेक रबरचा संशय येतोय. तुझी गाडी जुनी आहे, कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं रबर वाकवून बघ, चिरा असतील तर बदल. सायलेन्सर बदलला त्याच वेळी ते फाटलं असं होणं सहज शक्य आहे, आणि सगळा दोष मात्र नवीन सायलेन्सरवर जातो.

हे सगळं झाल्यावर मगच मिक्स्चर स्क्रू. इंजिन नीट गरम झालं पाहिजे, एक चांगली रपेट मारून ये. स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरव, किती आटे गेले ते लिहून ठेव, जोर लावलास तर टोक मोडतं. मग परत तेवढाच बाहेर काढ आणि गाडी चालू ठेवून पाव पाव आटा फिरवत जा. जिथे आरपीएम सगळ्यात वर आणि आवाज सगळ्यात गोल वाटेल तिथे थांब, मग आयडल स्क्रूने आरपीएम खाली घे, परत एकदा तेच कर. ह्या कार्बोरेटरला स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे म्हणजे तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. फिल्टरच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरला उलटं असतं, तिथे तो हवा सोडतो. इंटरनेटवर दोन्ही सल्ले एकत्र वाचून लोक गोंधळतात ते ह्याच्यामुळे. तीन आटे बाहेर काढून पण सुधारतच जात असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

घाटातला_बुलेटवाला:
वरच्या सगळ्याला माझा पाठिंबा, फक्त एक राहिलं. एअर फिल्टरकडून हेडकडे एक रबरी नळी गेलीये का बघ, मध्ये छोटा व्हॉल्व्ह असतो, पीएव्ही म्हणतात. ती एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडते म्हणजे उरलेलं पेट्रोल तिथे जळून धूर स्वच्छ राहतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये तो आवाज दबतो, फ्री फ्लोमध्ये ऐकू येतो. बरेच जण ती नळी सरळ बंद करतात आणि फटाके थांबतात पण. मला ते पटत नाही, तो भाग प्रदूषण कमी करायला दिलाय, आणि कुर्ल्याच्या सिग्नलला आपल्या मागे स्कूटरवर लहान पोरं बसलेली असतात. मी ठेवलाय, थोडी फटफट चालवून घेतो.

शीव_रायडर:
माझा पण हाच प्रश्न आहे पण गाडी मीटिओर, म्हणजे बीएस६ आणि एफआय (फ्युएल इंजेक्शन). त्यात जेट नाहीत मग काय करायचं? डीलर म्हणतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आपोआप जुळवून घेतो.

स्पॅनर_लालबाग:
अर्धं खरं आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो, पण ते एका लयीत चालवताना. जोरात पिळलीस की तो आतल्या ठरलेल्या नकाशावर जातो, तिथे सेन्सरचं ऐकत नाही. नुसती मागची बॉटल बदलली असेल तर सहसा काही करायची गरज पडत नाही. पूर्ण सिस्टिम बेंडसकट बदलली तरच पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जादा डबा) वगैरेचा विचार कर, तोही डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, बसवून देणाऱ्याकडेच. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघाला तर मात्र तो सरळ नियमभंग आहे.

टू_स्ट्रोक_काका:
पोरांनो, प्लगच्या रंगाबद्दल सांगतो. आमच्या वेळी आरएक्स १०० चा प्लग चॉकलेटी दिसला की जीव भांड्यात पडायचा, कारण टू-स्ट्रोकचं मिक्स्चर लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की इंजिन तापून पिस्टन चिकटलाच. पण ते पेट्रोल शिसंवालं होतं, २००० साली शिसं बंद झालं. आताच्या पेट्रोलवर फोर-स्ट्रोकचा प्लग थोडा पांढरट दिसणं नेहमीचं आहे, त्यावरून घाबरू नकोस. चिनीमातीच्या अगदी मुळाशी, आत खोल, एक बारीक काळपट कडी दिसते का ते भिंगाने बघ. कडी असेल तर बरं आहे. माती खडूसारखी कोरडी आणि वरचा इलेक्ट्रोड निळसर असेल तर खरंच लीन.

आणि हे पण ध्यानात घे की पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीएवढंच पेट्रोल सोडतो, म्हणजे तुझी २०१४ ची गाडी सायलेन्सरला हात न लावता पण थोडी लीनच झालेली आहे. त्यावर फ्री फ्लो. म्हणून एक नंबर मोठा पायलट लागला तर नवल वाटायला नको. फ्लोट बाउलचं (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचं) रबर आणि ओ-रिंग पण बघून घे, जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

साधी परीक्षा सांगतो. जिथे अडखळते तिथे त्याच थ्रॉटलवर चोक अर्धा ओढ. बरी चालली तर लीन, अजून बिघडली तर रिच. रिकाम्या रस्त्यावर कर, आरेच्या गर्दीत नको.

विक्रोळीकर_३५०:
सगळ्यांचे खूप आभार. रविवारी बसलो. सांध्यातून फुसफुस येत होती, आणि इनटेक रबरला खालच्या बाजूने चांगली लांब चीर, वरून दिसतच नव्हती. ऑपेरा हाउसला जाऊन रबर आणि पॅकिंग आणलं, सांध्यात पातळ पत्र्याची रिंग घालून क्लॅम्प आवळला. आयडल लगेच जागेवर आलं. स्क्रू अडीच आट्यांवर आहे, अडखळणं गेलं. उतारावर थ्रॉटल सोडला की हलकी फटफट उरलीये. पायलट बदलू का?

स्पॅनर_लालबाग:
नको. अडीचवर स्थिरावलाय म्हणजे पायलट बरोबर आहे, उरलेली फटफट पीएव्हीची. महाबळेश्वरसाठी पण काही बदलू नको, साडेतेरा-चौदाशे मीटरवर हवा पातळ होते त्यामुळे मिक्स्चर उलट रिचकडे जाईल, थोडी जड वाटेल एवढंच. मुंबईत आत्ताच रिच करून ठेवलीस तर वर काळा धूर काढेल.

घाटातला_बुलेटवाला:
आणि भावा कंपनीचा सायलेन्सर विकू नकोस. आवाजाच्या नियमासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लावतात, दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. आपल्या वाहतूक पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय. बॉटलमध्ये डीबी किलर (आवाज दाबणारा तुकडा) नसेल तर बसव, रात्री सोसायटीत शिरताना म्हातारी माणसं झोपलेली असतात. पीयूसी पण नवीन काढ, तुझ्या सालच्या गाडीला धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्क्यांच्या आत लागतो. त्या कागदावरचा आकडाच सांगेल ट्युनिंग कुठे आहे, खूप वर गेला असेल तर स्क्रू पाव आटा आत घे आणि परत मोजून बघ.