मदत हवी आहे: परभणीच्या उन्हात समुद्राचा परफ्यूम कसा वापरू?

मंडळी, भाच्याने मुंबईहून 'बीच' प्रकारातला परफ्यूम आणलाय. मला वाटलं नारळ-बिरळ असेल. कसलं काय! फवारला की आधी कलिंगडाच्या सालीचा वास, लाल गर खाल्ल्यावर पांढरा भाग उरतो ना, अगदी तसा. (ही कॅलोनची करामत, फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये सापडलेलं रसायन.) पंधरा मिनिटांनी मीठ, ओला दोर, शेवाळ. आमचे हे म्हणाले, "बाजारातून सुकट आणलीस काय?"

पण तासाभराने तोच वास अंगाशी मुरतो. उन्हातून आलेल्या लेकराच्या मानेला येतो तसा, किंचित खारट. मला तर आवडायला लागलाय. अडचण अशी की पारा बेचाळीसवर, ऑफिसात पोचेपर्यंत अंगावरचा वास गायब. ओढणीवर मात्र दुसऱ्या दिवशीही सुकटच!

आधी थोडं खोबरेल चोळून मग मनगटावर लावला तर टिकेल का? की खाली खसाचं अत्तर लावू? दोन्ही मिळून चिखल तर होणार नाही ना? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. पुढच्या आठवड्यात जिंतूरला लग्न आहे, सासरची सगळी मंडळी येणार आहेत.